चीनच्या कोळसाखाणींतील नॅरोगेज विद्युत रेल्वे: 250 आणि 550 व्होल्टमागचे गणित

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईची पहिली विद्युत गाडी 1925 मध्ये 1500 व्होल्टवर धावली. मग चीनच्या कोळसाखाणींतील छोटी विद्युत इंजिने आजही 250 किंवा 550 व्होल्टवरच का चालतात? त्यांच्या रुळांचे माप 600 किंवा 900 मिलिमीटरच का असते? आणि ही वाहतूक आता आटत का चालली आहे? खाणीतील विद्युत वाहतूक हे माझ्या रोजच्या कामाचे क्षेत्र असल्याने थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक लोक या रेल्वेकडे पाहताना इंजिनाकडे पाहतात, पण तिचे जवळजवळ सगळे निर्णय रुळांवर ठरतात, कारण खाणीत रूळ हा गाडीचा मार्ग असतो तसाच विजेच्या परतीचाही मार्ग असतो.

आधी माप. आपल्याकडच्या वाचकांना नेरळ–माथेरानचा 610 मिलिमीटरचा मार्ग आणि मूर्तिजापूर–यवतमाळ–अचलपूरच्या शकुंतलेचा 762 मिलिमीटरचा मार्ग ठाऊक असतो. चीनमध्ये खाणीच्या आत प्रामुख्याने 600 आणि 900 ही दोन मापे चालतात, तर 762 हे माप जमिनीवरच्या जंगल-रेल्वे आणि स्थानिक रेल्वेमार्गांवर अधिक दिसते. साधारणपणे लहान व मध्यम खाणींनी 600 घेतले आणि मोठ्या खाणींनी 900. यामागचे कारण बोगद्याच्या रुंदीत आहे. दहा टनी तारेवरचे (म्हणजे डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारे) इंजिन 600 मापासाठी सुमारे 1.06 मीटर रुंद असते आणि 900 मापासाठी सुमारे 1.36 मीटर. दुहेरी मार्गाच्या बोगद्यात दोन इंजिनांची रुंदी, शेजारून जाणाऱ्या गाड्यांमधले किमान 0.2 मीटर अंतर, एका बाजूची किमान 0.3 मीटर मोकळी जागा आणि दुसऱ्या बाजूची माणसांच्या चालण्याची किमान 0.8 मीटर वाट हे सगळे एकत्र केले, तर 600 मापाला सुमारे 3.4 मीटर आणि 900 मापाला सुमारे 4 मीटर रुंदी लागते. प्रत्येक मीटर लांबीमागे हा 0.6 मीटरचा जादा खडक फोडायचा, बाहेर काढायचा आणि पुढची कित्येक वर्षे त्याच्या छताला आधार द्यायचा असतो. खाणीची उत्पादनक्षमता मोठी असेल तरच हा खर्च परवडतो. 600 मापावरचा नेहमीचा एक टनी टब (कोळसा भरायची छोटी वाघीण) सुमारे 2 मीटर लांब, 880 मिलिमीटर रुंद आणि 1150 मिलिमीटर उंच असतो, तर 900 मापावर तीन टनी टब वापरता येतात आणि त्यामुळे तेवढाच कोळसा काढायला भरण्याच्या, जोडण्याच्या आणि रिकामे करण्याच्या खेपा बऱ्याच कमी होतात.

इंजिनाच्या पाटीवरचा संकेत वाचता आला की निम्मी माहिती तिथेच मिळते. ‘झेडके10-6/250’ असे लिहिलेले असेल, तर 10 हा आकडा टनांतले वजन सांगतो, 6 म्हणजे 600 मिलिमीटरचे माप आणि 250 म्हणजे एकदिश प्रवाहाचे (डीसी) व्होल्ट. ‘झेडके10-9/550’ हे त्याच कुटुंबातले, 900 मापाचे आणि 550 व्होल्टचे इंजिन. हूनान प्रांतातले शियांगतान हे शहर अशा इंजिनांच्या निर्मितीसाठी ओळखले जाते. दहा टनी इंजिनात दोन सिरीज मोटारी असतात. 550 व्होल्टच्या नमुन्यात त्या प्रत्येकी 24 किलोवॅटच्या, तर 250 व्होल्टच्या नमुन्यात त्याहून थोड्या लहान असतात. नेहमीचा वेग ताशी सुमारे 11 किलोमीटर. जुन्या इंजिनांत ड्रम कंट्रोलर असतो: चालक मूठ फिरवतो तसे आधी दोन्ही मोटारी एकामागे एक जोडून प्रतिरोधकांसह सुरू होतात आणि वेग आला की समांतर जोडल्या जातात. मुंबईच्या जुन्या एकदिश लोकलमध्येही हेच तत्त्व होते. नंतरच्या इंजिनांत चॉपर (प्रवाह झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आले आणि पुढे इन्व्हर्टरवर (एकदिश वीज एसी करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या मोटारी आल्या.

आता व्होल्टेज. चिनी कोळसाखाण सुरक्षा नियमावलीनुसार तारेवरच्या इंजिनाचा एकदिश दाब 600 व्होल्टच्या वर नेता येत नाही. ही मर्यादा का, हे तारेच्या उंचीवरून समजते. माणसे चालतात त्या बोगद्यात तार रुळाच्या माथ्यापासून किमान 2 मीटर, माणसे चालत नाहीत अशा बोगद्यात किमान 1.9 मीटर आणि शाफ्टच्या (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या) तळाशी, जिथे माणसे पाळण्यातून उतरून गाडीकडे जातात, तिथे किमान 2.2 मीटर उंच असावी लागते. खांद्यावर ड्रिलची दांडी किंवा लोखंडी पहार घेऊन जाणाऱ्या कामगारासाठी 2 मीटरची तार म्हणजे हाताच्या अंतरावरची तार होय. जमिनीवरच्या रेल्वेत तार पाच मीटरवर नेऊन हा प्रश्न सुटतो. बोगद्यात तेवढी उंचीच नसते, त्यामुळे दाब कमी ठेवावा लागतो. म्हणूनच माणसांच्या गाडीत चढण्या-उतरण्याच्या जागी त्या तुकड्याच्या तारेचा पुरवठा तेवढ्या वेळेपुरता तोडणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी तिथे वेगळा तुकडा-स्विच बसवलेला असतो. बाकीच्या मार्गावरही दोन तुकडा-स्विचांमधले अंतर 500 मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही.

पण दाब कमी ठेवण्याची किंमत मोठी आहे आणि ती आकड्यांतच पाहायला हवी. 250 व्होल्टचे दहा टनी इंजिन पूर्ण भारावर 170 ते 190 अँपिअर ओढते, तर 550 व्होल्टचे सुमारे 90 ते 100. तांब्याची 100 चौरस मिलिमीटरची तार किलोमीटरला सुमारे 0.18 ओहम रोध देते. उपकेंद्रापासून 2 किलोमीटरवर एकच इंजिन 190 अँपिअर ओढत असेल, तर नुसत्या तारेत सुमारे 68 व्होल्ट पडतात, म्हणजे 250 पैकी चौथ्या हिश्शाहून जास्त. तेच इंजिन 550 व्होल्टवर 100 अँपिअर ओढत असेल, तर सुमारे 36 व्होल्ट पडतात, म्हणजे जेमतेम साडेसहा टक्के. त्यात एकाच तुकड्यावर दोन इंजिने एकदम सुरू झाली की 250 व्होल्टच्या मार्गाच्या टोकाला मोटारींना धड वेगच येत नाही. त्यामुळे 250 व्होल्टचा मार्ग लांबवायचा तर खाणीच्या आत दर काही अंतरावर रेक्टिफायर उपकेंद्र (एसी वीज एकदिश करून देणारे) बसवावे लागते, आणि त्या प्रत्येकासाठी वेगळी हवेशीर, आगीपासून सुरक्षित खोली खडकात कोरावी लागते. लहान खाण 250 वर आणि लांबचा मुख्य मार्ग असलेली मोठी खाण 550 वर, ही विभागणी याच गणितातून येते.

यावरूनच एक गोष्ट उलगडते, जी चीनमधल्या खाणी पाहणाऱ्यांना नेहमी कोड्यात टाकते: आत विजेची गाडी आणि बाहेर वाफेची, असे का? सिचुआन प्रांतातल्या च्येनवेई तालुक्यात च्यायांग खाणीचा 762 मापाचा मार्ग आहे. 1959 मध्ये सुरू झालेला सुमारे 20 किलोमीटरचा हा डोंगरी मार्ग शृशी ते हुआंगत्सुनजिंगपर्यंत जातो, आणि तो वाफेच्या इंजिनांमुळेच जगभर प्रसिद्ध झाला. कमी दाबाच्या एकदिश विजेवर 20 किलोमीटर चालवायचे तर वाटेत कितीतरी उपकेंद्रे लागली असती, आणि खाणीत कोळसा तर हाताशीच होता. विद्युत नॅरोगेज म्हणूनच खाणीच्या तोंडाजवळ राहिला: आतून कोळसा बाहेरच्या टिपलरपर्यंत (टब उलटून रिकामे करणाऱ्या यंत्रापर्यंत) आणणे, तिथून रिकामे टब परत नेणे, फार तर शेजारच्या धुलाईघरापर्यंत किंवा दगडाच्या ढिगापर्यंत जाणे. उलट लिआओनिंगमधल्या फूशुनसारख्या प्रचंड उघड्या खाणीत जपानच्या ताब्यातील दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या काळापासून विद्युत गाड्या धावत होत्या, पण त्या मानक मापावर आणि बऱ्याच जास्त दाबावर, कारण तिथे ना छत होते ना बोगद्याच्या रुंदीची अडचण. म्हणून ‘कोळशाची विद्युत रेल्वे’ म्हणजे ‘नॅरोगेज’ असे समीकरण मांडू नये.

मुळात चीनमध्ये खाणीच्या आत इंजिने एवढी का रुळली आणि विदर्भातल्या भूमिगत खाणींत टब प्रामुख्याने दोरखंडाच्या हॉलेजवर (दोराने टब ओढणाऱ्या यंत्रावर) का चालले, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. आपल्याकडे इन्क्लाइन (खाणीत उतरणारी तिरकी वाट) थराच्या उताराने खाली जाते आणि त्या चढावर टब ओढायला दोर लागतो. चीनमध्ये थर बऱ्याच ठिकाणी तिरके आणि एकावर एक अनेक असतात. तिथे शाफ्टपासून ठरावीक पातळीवर खडकातून जवळजवळ सपाट मुख्य बोगदा काढायचा आणि त्यातून बाजूला वळून थरांपर्यंत पोचायचे, अशी पातळीनिहाय मांडणी रूढ झाली. 1950 च्या दशकात सोव्हिएत पद्धतीच्या आराखड्यांनी ती आणखी पक्की केली. अशा बोगद्याला हजारी 3 ते 5 इतकाच उतार देतात, तोही भरलेल्या टबांच्या दिशेने, म्हणजे भरलेली गाडी उताराला आणि रिकामी चढाला जाते व इंजिनावर दोन्ही वेळा जवळपास सारखाच भार येतो. शिवाय उतारामुळे चरातले पाणीही आपोआप शाफ्टच्या तळाशी वाहत जाते. पोलादी चाक पोलादी रुळावर तीव्र चढ घेत नाही ही इंजिनाची मोठी उणीव, आणि या मांडणीत ती आड येत नाही.

याचा एक जुना आणि मला सर्वात शिकवून जाणारा नमुना जिआंगशी प्रांतातल्या पिंगशियांगजवळची आन्युआन खाण हा आहे. छिंग राजवटीतले अधिकारी-उद्योजक शंग श्वेनह्वाई यांनी 1898 मध्ये हान्यांगच्या लोखंड कारखान्याला कोक मिळावा म्हणून ती काढली, त्यासाठी जर्मन पेढीकडून कर्ज आणि जर्मन अभियंते घेतले, आणि 1905 पर्यंत झूझौपर्यंतचा रेल्वेमार्ग पुरा झाला. 1908 मध्ये हान्यांगचा कारखाना, दायेची लोहखाण आणि पिंगशियांगची कोळसाखाण मिळून हानयेपिंग कंपनी झाली. या खाणीचा ‘झोंगपिंगशियांग’, म्हणजे मुख्य आडवा बोगदा, डोंगराच्या कुशीतून सरळ आत जातो. शाफ्ट नसल्यामुळे गाडी पाळण्यात घालून वर आणावी लागत नाही. तारेखालचे इंजिन टबांची रांग ओढत थेट उजेडात येते. अशा खाणीत एकाच गाडीने कोळसा थराजवळून टिपलरपर्यंत येतो, मध्ये हाताळणीच होत नाही. 1922 च्या सप्टेंबरमधल्या खाण आणि रेल्वे कामगारांच्या संपामुळे हे ठिकाण चीनच्या राजकीय इतिहासातही गेले, पण माझ्या मते त्याचे तांत्रिक महत्त्वही तेवढेच आहे: विजेची वाहतूक कोणत्या भूगोलात सर्वात सोपी पडते, हे तिथे एका नजरेत कळते.

आता रुळांकडे वळतो, कारण देखभाल करणाऱ्याचा निम्माअधिक वेळ तिथेच जातो. वीज तारेतून इंजिनात येते आणि चाकांतून रुळांत उतरून उपकेंद्राकडे परत जाते. मीटरला 30 किलोचा रूळ घेतला, तर त्याचा रोध किलोमीटरला सुमारे 0.05 ओहम भरतो. रूळ 12 मीटरचे असतील तर किलोमीटरला 83 सांधे येतात. अशा रुळाच्या एका सांध्याचा रोध सुमारे 0.0002 ओहमच्या आत असावा, अशी अपेक्षा असते. सगळे सांधे त्या मर्यादेत असतील तर त्यांचा एकूण रोध सुमारे 0.016 ओहम, म्हणजे रुळाच्या रोधाच्या एक तृतीयांशाहून कमी. पण फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) गंजली, बोल्ट सैल झाले, तांब्याचा बाँड (सांध्यावरची जोडतार) तुटला आणि सांध्यांचा रोध दसपट झाला, तर सांधेच मिळून रुळाच्या तिप्पट रोध घालतात. दिसायला मार्ग जसाच्या तसा असतो. गाडीही जाते. फक्त वीज रुळातून परतायच्या ऐवजी चरातल्या पाण्यातून, पाण्याच्या पाइपातून, केबलच्या चिलखतातून आणि छताच्या लोखंडी आधारांतून वाट काढू लागते.

ही भटकी वीज खाणीत सर्वात धोकादायक ठरते ती सुरुंगाजवळ. विजेच्या डेटोनेटरला पेटायला फार थोडा प्रवाह पुरतो. मुख्य बोगद्यातले रूळ तोडकामाच्या तोंडापर्यंत सलग गेलेले असतील, तर उपकेंद्राची परतीची वीज तिथेही पोचू शकते. म्हणून नियम असा आहे की परतीची वीज वाहणारे रूळ जिथे वीज न वाहणाऱ्या रुळांना मिळतात, तिथे दोन विद्युतरोधक सांधे घालायचे: पहिला संगमावरच आणि दुसरा एका पूर्ण गाडीच्या लांबीहून अधिक अंतरावर. एकच सांधा घातला तर त्यावरून जाणारी गाडी स्वतःच्या चाकांनी आणि साखळ्यांनी दोन्ही बाजू जोडून टाकते. दोन घातले की गाडी एका वेळी एकच सांधा ओलांडते. तसेच दोन्ही रूळ दर 50 मीटरवर किमान 50 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायचे, म्हणजे एका रुळाचा सांधा बिघडला तर वीज दुसऱ्यातून जाते. हॉलेजचा दोर अशा रुळांना लागूनही चालत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे खाणीच्या विद्युत रेल्वेतली सर्वात मोलाची तपासणी ती, जिच्यात एक माणूस मिलिव्होल्टमीटर आणि दोन टोकदार दांड्या घेऊन, गाडी चालू असताना, बाजूच्या वाटेवरून सांध्यामागून सांधा मोजत जातो. सांध्याच्या दोन बाजूंचा व्होल्टपात शेजारच्या तीन-चार मीटर रुळावरच्या व्होल्टपाताएवढा असेल तर सांधा ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर खडूने खूण करायची आणि त्याच पाळीत बाँड बदलायचा.

गाडी किती लांब करायची, हेही लोक मोटारीच्या ताकदीवरून ठरवू पाहतात, आणि ते चूक आहे. कोळशाच्या टबांना ब्रेक नसतात. सगळी गाडी इंजिनाच्या ब्रेकवर थांबते. नियमानुसार मालगाडी 40 मीटरच्या आत आणि माणसांची गाडी 20 मीटरच्या आत थांबली पाहिजे, आणि हे अंतर वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष मोजायचे असते. ताशी 11 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 3 मीटर. चालकाला धोका दिसून हात हलेपर्यंतचे दोन सेकंद धरले तर 6 मीटर तसेच जातात, उरतात 34. वाळू टाकलेल्या रुळावर दहा टनी इंजिनाला सुमारे 17 किलोन्यूटन एवढा रोधक जोर मिळतो असे धरले, तर हजारी 3 च्या उतारावर इंजिनासह दीडशे टनांपर्यंतची गाडी या अंतरात थांबते. हजारी 5 वर ती मर्यादा 130 टनांच्या आसपास येते. रूळ ओला झाला आणि वाळूची नळी चोंदली की ती आणखी खाली जाते. म्हणून वाळूपेटी कोरडी असणे, वाळू नेमकी चाकापुढे पडणे आणि हातब्रेकचे पॅड झिजलेले नसणे या तीन गोष्टी पाळी सुरू होण्यापूर्वी पाहायच्या असतात. माणसांसाठी झाकलेल्या डब्यांची वेगळी गाडी असते, नेहमीचे डबे 12 किंवा 18 माणसांचे, आणि तिचा वेग सेकंदाला 4 मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

उरतो कोळशातून सुटणाऱ्या स्फोटक मिथेन गॅसचा प्रश्न, आणि तारेच्या रेल्वेचे भवितव्य मुख्यतः त्यानेच ठरवले. तारेवरून घसरणारा पेंटोग्राफ ठिणग्या टाकतोच. तार डोलली, धुळीचा थर बसला, सांधा आला की जास्त टाकतो. मिथेन कमी असलेल्या खाणीत, ताज्या हवेच्या मुख्य बोगद्यात हे चालते, कारण तिथे गॅस साठायला वाव नसतो. 2016 मध्ये लागू झालेल्या नियमावलीने जास्त गॅसच्या नव्या खाणींत तारेवरची इंजिने वापरायला मनाई केली. आधीपासून चालू असलेल्यांना कडक अटी घातल्या: थरालगतच्या किंवा थरातून जाणाऱ्या बोगद्याला दगडी बांधकामाचे किंवा बोल्ट आणि फवारलेल्या काँक्रीटचे अस्तर हवे, गॅस सुटणाऱ्या तोडकामाची परतीची हवा तारेच्या बोगद्यात येता कामा नये, आणि पेंटोग्राफला ठिणगी कमी करणारी कार्बनची पट्टी हवी. गॅस आणि कोळसा अचानक उसळून बाहेर येतो अशा खाणींत तर स्फोटरोधक इंजिनच लागते, म्हणजे व्यवहारात बॅटरीचे किंवा डिझेलचे. बॅटरीचे इंजिन भटक्या विजेचा प्रश्न जवळजवळ मिटवते, कारण त्याची वीज रुळात उतरतच नाही. पण शिशाच्या बॅटरीचे वजन, पाळीनंतरचे चार्जिंग आणि चार्जिंगच्या वेळी निघणाऱ्या हायड्रोजनसाठी वेगळी हवेशीर खोली, हे ओझे त्याबरोबर येते. गॅस कमी आणि मार्ग लांब असेल, तर नीट राखलेली तारेची रेल्वे बॅटरीपेक्षा स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ती कमी होत चालली आहे, कारण कोळसाच आता टबात पडत नाही. लाँगवॉलच्या (कोळशाची लांब सलग भिंत कापत जाणाऱ्या) यंत्रांनी एका तोडकामातून एवढा कोळसा निघू लागला की टब भरणे, जोडणे, ओढणे आणि उलटवणे हा टप्प्याटप्प्याचा प्रवाह त्याला पुरेना. तिथे थेट शाफ्टपर्यंत किंवा इन्क्लाइनच्या तोंडापर्यंत बेल्ट कन्व्हेयर आला. शेनदोंग कोळसाक्षेत्रातल्या दालिऊतासारख्या खाणींत थर जवळजवळ सपाट आणि उथळ असल्याने माणसे व सामानही रबरी टायरच्या वाहनांनी आत जाते, म्हणजे रूळच नाहीत. त्याच सुमारास, 2016 पासून, जादा उत्पादनक्षमता घटवण्याच्या धोरणाखाली हजारो लहान खाणी बंद झाल्या, आणि टबाची वाहतूक प्रामुख्याने अशाच खाणींत टिकून होती. बीजिंगच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या खाणीही याच काळात एकामागून एक बंद झाल्या. जिथे रूळ उरले, तिथे त्यांच्यावरचा माल बदलला: कोळशाऐवजी माणसे, छताचे आधार, यंत्रांचे सुटे भाग आणि बोगदे खोदताना निघालेला दगड. या कामाला गाड्या थोड्या आणि भार अनियमित असतो, म्हणून तिथे उपकेंद्रे आणि तार राखण्यापेक्षा बॅटरीचे इंजिन, आणि अलीकडे लिथियम बॅटरीचे इंजिन, घेणे खाणीला सोयीचे वाटते.